टकला पन्हाळा

"शरू, अजून वर चढ! आणि तिथनं दे!"

"काय देऊ?"

"खो दे, खो! माझ्यापर्यंत आला पाहिजे."

मी गाळाच्या डोंगरावर उभी होते, हातात आईची जुनी पाटी. खाली नौशीन मोमीन कमरेवर हात ठेवून उभी होती, खो-खो टीमची कॅप्टन असल्यासारखी. असल्यासारखी काय, होतीच. मी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हटलं, "खो."

"फाउल!" नौशीन ओरडली. "त्या लिंबावरच्या कावळ्यानं मानसुद्धा वळवली नाही. उतर आता. पाटी भर आणि ये."

आता मी दहावीत आहे. मला गप्प बसवायला बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागतं, त्यामुळे हे कुणाला खरं वाटत नाही. पण सातवीत असताना माझा आवाज फक्त आमच्या घरच्या मांजराला माहीत होता. हजेरीला मी "हजर" म्हणायचे आणि बाई माझी गैरहजेरी लावायच्या. पळायचे मात्र वाऱ्यासारखी, म्हणून मगदूम सरांनी मला टीममध्ये घेतलं. पण खो-खोत नुसतं पळून भागत नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून खो म्हणावं लागतं, तेही पंचांना ऐकू जाईल असं. माझा खो माझ्याच पोटात राहायचा आणि शिट्टी वाजायची.

तर तो डोंगर.

आमचं गाव मागांचं. घराघरातून यंत्रमागांची खडखड, आणि मागांच्या मागोमाग आलेले सूत रंगवायचे कारखाने. त्यांचं पाणी वर्षानुवर्षं तळ्यात जायचं. आज तळं कुठल्या रंगाचं आहे यावरून बाजारात कुठल्या साडीची फॅशन आहे ते कळायचं, असं आई म्हणते. शेवटी तळं इतकं भरलं की त्यात म्हैस बसली तर तिचे गुडघेसुद्धा बुडेनात. मग पालिकेनं पोकलेन लावून गाळ उपसला आणि आमच्या शाळेमागच्या मैदानावर आणून टाकला. तात्पुरता. पालिकेतला तात्पुरता किती लांबलचक असतो ते आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही पाचवीतून सातवीत गेलो, डोंगर तिथंच. आमच्या वाट्याला भिंतीलगतची एक पट्टी उरली होती. तिथं एक खांब रोवला की दुसरा रोवायला जागा नसायची.

आणि त्याच वर्षी तालुक्याचे खो-खो सामने आमच्या शाळेला मिळाले होते. मगदूम सर कितीतरी वर्षं त्यासाठी अर्ज करत होते. अट एकच: मैदान मोकळं पाहिजे. सर रोज पालिकेत जायचे आणि रोज चहा पिऊन परत यायचे. अखेर दिवाळीच्या आधी एके दिवशी ते शिट्टी वाजवतच वर्गात शिरले.

"झालं! भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लागणार! शेतकऱ्यांना गाळ मोफत! आठवड्यात मैदान साफ!"

आम्ही बाकांवर चढून नाचलो. नौशीननं मला उचलून फिरवलं. आपल्या मैदानावर, आपल्या गावासमोर तालुका जिंकायचा, हे तिच्या डोक्यात चौथीपासून होतं. जिल्ह्याची निवड करणारी माणसं येणार होती ती या सामन्यांना. बाहेरगावी खेळायला तिचे अब्बा पाठवतीलच याची खात्री नव्हती, पण शाळेमागं खेळायला कोण नाही म्हणणार?

"तरी वहिनीसाहेबांना एकदा आठवण करून द्यायला पाहिजे," नौशीन म्हणाली. वहिनीसाहेब म्हणजे आमच्या नगराध्यक्षा. "त्या कुठं सापडणार? किल्ल्यांना! भाऊबीजेला चौकात मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असते, ती बघायला येतात की. आपण किल्ला करू. असा भारी करू की त्या थांबल्याच पाहिजेत. मग मी बोलतो."

(आमच्याकडे मुलीसुद्धा बोलतो, करतो, बघितलोच म्हणतात. हसू नका.)

"माती?" मी विचारलं.

नौशीननं नुसतं बोट केलं. डोंगराकडं.

म्हणून मी त्या दिवशी पाटी घेऊन वर चढले होते. आणि गाळ काय होता म्हणून सांगू! काळाभोर, मऊ, चिकट. हातानं बुरूज वळवला की तसाच उभा. गल्लीतली बाकीची पोरं लाल माती चाळत बसली होती, पोत्यांवर पोती रचत होती, आणि आमचा पन्हाळा दोन दिवसांत उभा राहिला. सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना, सगळं. काळा रंग तर असा की खरा सह्याद्रीचा कातळ वाटावा. वाळल्यावर उन्हात त्यावर जांभळी झाक यायची. हाताला थोडी खाज सुटायची, पण किल्ला करताना खाज सुटायचीच.

मगदूम सर येऊन बघून गेले. आप्पामामा पण आला. आप्पामामा म्हणजे आईचा भाऊ. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याचं भाजीचं रान आहे. मेथी, कोथिंबीर, पालक. आमच्या अर्ध्या गावाच्या भाजीत त्याची कोथिंबीर पडते, नौशीनच्या अम्मीच्या बिर्याणीतसुद्धा. गाळासाठी पहिलं नाव त्यानंच दिलं होतं. तो किल्ल्यापाशी उकिडवा बसला, एक ढेकूळ तळहातावर चोळलं, नाकाला लावलं आणि नाक मुरडलं.

"काय मामा? वास येतोय?"

"येणारच की. तळ्याचा गाळ हाय, अत्तर हाय व्हय?" तो हसला. "पण लोणी हाय बघ शरे, लोणी! आमच्या आज्यानं तळ्याचा गाळ घातला, बानं घातला, म्हणून ते रान आजबी पिकतंय. तुझा किल्ला पण कसला हिरवागार होतोय बघ. कोपऱ्यावरच्या पोरांची जिरवून टाका."

वसुबारसेच्या दिवशी आम्ही अळीव भिजवलं आणि किल्ल्याच्या उतारावर पसरलं. कुणी किल्ला केला नसेल त्याच्यासाठी सांगते: अळीव टाकलं की दोन-तीन दिवसांत असं काही दाट उगवतं की किल्ला जंगलात लपल्यासारखा दिसतो. हिरवळ नसलेला किल्ला म्हणजे खोबरं न घातलेली करंजी. पोरं सकाळी उठून आंघोळीच्या आधी अळीव बघायला पळतात.

आम्ही पण पळालो. धनत्रयोदशीला काही नाही. नरक चतुर्दशीला, उटण्याचा वास अंगावर घेऊन, काही नाही. कोपऱ्यावरच्या पोरांचा राजगड हिरवा झाला. त्यांच्या पलीकडचा सिंधुदुर्गसुद्धा, ज्याच्या समुद्रात निळीचं पाणी होतं, तोही हिरवा झाला. आमचा पन्हाळा तसाच. काळा कुळकुळीत.

"टकला पन्हाळा!" कोपऱ्यावरचा रणवीर ओरडला. "ए, तेल लावा गं त्याला! जबाकुसुम!"

"बी जुनं असणार," नौशीन म्हणाली. "वाण्यानं फसवलं. मी जातो त्याच्याकडं."

ती गेली, भांडली, नवीन अळीव आणलं. पुन्हा पेरलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. हे काम नौशीननं स्वतःकडं घेतलं होतं. झारी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हती. मी मात्र उरलेलं थोडं अळीव एका ताटलीत लाल मातीवर टाकलं आणि दुसऱ्या ताटलीत गाळावर, आणि दोन्ही आमच्या खिडकीत ठेवल्या. का ठेवल्या ते सांगता येणार नाही. बोलत नसलेल्या माणसाला वेळ फार असतो.

पाडव्याच्या संध्याकाळी मी नौशीनला खिडकीपाशी नेलं. लाल मातीची ताटली हिरवीगार. गाळाची ताटली बघितली तर काही बिया फुटल्या होत्या, पण त्यांची मुळं तपकिरी होऊन आखडली होती, भाजल्यासारखी.

नौशीन ताटल्यांवर वाकली.

"डोंगरावर," मी म्हटलं, "गवत कुठं आहे?"

"म्हणजे?"

"दोन पावसाळे झाले. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो. डोंगरावर एक काडी नाही."

तिचा चेहरा बदलला. ती हुशार आहे, तिला सांगावं लागत नाही. "रंगाचं पाणी," ती म्हणाली. मग पटकन खिडकी लावून घेतली. "हे बघ, हे कुणाला बोलायचं नाही. भाऊबीज होऊ दे. ट्रॅक्टर लागू दे. मैदान मोकळं होऊ दे. मग सांगू."

"गाळ जाणार कुठं पण? मामाच्या वाफ्यात."

"मग मामाला एकट्याला सांग."

"बाकीच्यांच्या वाफ्यांचं काय?"

"शरू, सामने जातील! सरांनी किती वर्षं..." तिचा आवाज चिरकला. "मला तिथंच खेळायचंय. दुसरीकडं अब्बा पाठवणार नाहीत. तुला माहिती आहे."

माहीत होतं. म्हणून मी काही बोलले नाही. नौशीनला माझं न बोलणं वाचता येतं, तेव्हाही यायचं. ती चिडली.

"आणि सांगणार कोण? तू? तुझा खो ऐकू येत नाही, तू भाषण करणार!"

ती चप्पल घालून निघून गेली. करंज्यांचा डबा आईनं तिच्यासाठी भरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

भाऊबीजेला सकाळी मामा आला. आई ओवाळायच्या आधीच मी त्याला खिडकीपाशी नेलं आणि ताटल्या दाखवल्या. त्यानं मान वाकडी करून बघितलं, माझ्या डोक्यावर टपली मारली.

"अगं येडे, ताटलीत चार बोटं माती. त्यात काय जीव येणार? रानात पडू दे, ऊन खाऊ दे, शेण मिसळू दे. मग बघ." आणि ओवाळून घेताना आईला म्हणाला, "हिला जरा खायला घाल गं. विचार लई करती."

दुपारनंतर चौक भरला. लाउडस्पीकर, रांगोळ्या, खुर्च्या. परीक्षक दोन. वहिनीसाहेब, आणि तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकवणाऱ्या गवाणकर मॅडम. किल्ला म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे सिव्हिल, असा मंडळानं हिशेब केला होता. मगदूम सर मधोमध, पांढऱ्याशुभ्र शर्टात, गळ्यात शिट्टी. दिवाळीत पण. आणि गर्दीत पुढं आप्पामामा, तोंडात चिवडा.

आम्ही दोघी पन्हाळ्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो. आदल्या संध्याकाळपासून बोललो नव्हतो. नौशीननं कडेनं झेंडूच्या पाकळ्या पसरून टक्कल झाकायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे पन्हाळा अजूनच टकला दिसत होता, टोपी घातल्यासारखा.

"वा, वा!" वहिनीसाहेब थांबल्या. "काय बुरूज काढलेत गं पोरींनो! पण हिरवळ कुठाय? अळीव टाकायला विसरला काय?"

पोरं फिदीफिदी हसली.

"पोरींचं सगळं लक्ष खेळात आहे हो, वहिनीसाहेब," सर पुढं झाले. "तुम्ही आता मैदान मोकळं करून देताय, त्या आनंदात राहिलं असेल."

"हो, ते झालंच! उद्या सकाळी ट्रॅक्टर लागतात." वहिनीसाहेब गर्दीकडं वळल्या. "सुपीक गाळ शेतकऱ्यांना, मैदान लेकरांना!"

टाळ्या पडल्या. मामानं चिवड्याचे हात झटकून टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे चमकत होते. नौशीन खाली बघत होती. आणि वहिनीसाहेब पुढच्या किल्ल्याकडं निघाल्या. अजून दोन पावलं गेल्या असत्या की संपलं होतं.

"विसरलो नाही," मी म्हटलं.

कुणालाच ऐकू गेलं नाही. फक्त गवाणकर मॅडम थबकल्या.

"काही म्हणालीस का?"

"आम्ही विसरलो नाही!" हा आवाज कुठून आला ते मलाही कळलं नाही. पुढचा त्याच्यापेक्षा मोठा आला. "दोनदा पेरलंय! तेच अळीव लाल मातीत उगवलं! ह्या गाळात मुळं जळतात! हा गाळ रानात घालू नका! आम्ही खाणार आहोत त्या रानातलं!"

लाउडस्पीकरवरचं गाणं नेमकं संपलं होतं. त्यामुळे शेवटचं वाक्य पार पोस्टापर्यंत गेलं असणार. लिंबावरचे कावळे उडाले की नाही ते बघायचं राहिलं.

पहिला आवाज मामाचा. "ए शरे, काय बोलतीस?"

मग रणवीरचा. "पाणी घातलं नाही म्हणून सांग की!"

सगळे हसले. वहिनीसाहेब पण हसल्या, वाईट नाही, लहान मुलांना हसतात तसं. "बाळ, तळ्याचा गाळ आहे तो. पिढ्यान्‌पिढ्या घालतात लोक. पाणी कमी पडलं असेल तुमचं."

"तसंच झालं असणार," सर म्हणाले. घाम पुसत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, ते सरळ नौशीनकडं वळले. "नौशीन, तू सांग. पाण्याचं काम तुझ्याकडं होतं ना? एखाद दिवस राहिलं असेल. सणाची गडबड, माणूस विसरतो. हो की नाही?"

चौक नौशीनकडं बघायला लागला. मी पण बघितलं. तिला फक्त मान हलवायची होती. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मान हलली की उद्या ट्रॅक्टर, आठवड्यात मैदान, तिचे सामने, तिची निवड. तिनं पन्हाळ्याकडं बघितलं, मग सरांकडं. मग एकदा, अगदी क्षणभर, माझ्याकडं.

"घातलो, सर," ती म्हणाली. "रोज घातलो. सकाळी आणि संध्याकाळी. मीच घातलो. पाणी कमी पडलेलं नाही."

आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. तिचा दुपट्टा राजगडाच्या बुरुजाला लागून एक मावळा पडला, तो कुणी उचलला नाही.

गवाणकर मॅडम एव्हाना साडी सावरत पन्हाळ्यापाशी खाली बसल्या होत्या. "लाल मातीतलं कुठाय? आण बघू."

मी घरी पळत गेले आणि दोन्ही ताटल्या आणल्या. मॅडमनी मुळं निरखून बघितली. "आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो," त्या वहिनीसाहेबांना म्हणाल्या. "फक्त त्याला नाव लांबलचक आहे. हे तपासल्याशिवाय एक पाटीसुद्धा रानात जाऊ देऊ नका." मग मला म्हणाल्या, "आधी साबणानं हात धू. मग मला नमुना न्यायला एखादा डबा दे."

चौकात हाताशी होता तो आईचा चिवड्याचा डबा. चिवडा परातीत गेला, डब्यात गाळ गेला. "त्यात पुन्हा फराळ ठेवायचा नाही हं," मॅडम जाताना म्हणाल्या. आई अजून तो डबा विसरलेली नाही.

बक्षीस राजगडाला मिळालं. वहिनीसाहेबांनी जाहीर केलं, तपासणी होईपर्यंत गाळवाटप बंद. मगदूम सर एका खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी जवळ गेले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "आवाज चांगला लागला तुझा." मग शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि घरी गेले.

मॅडमचा निकाल आला. गाळात शिसं होतं, क्रोमियम होतं, आणखी काय काय होतं. शेतात बिलकूल नको. आप्पामामा आधी आठवडाभर माझ्याशी फुगून होता, निकाल ऐकल्यावर सगळ्या बाजाराला सांगत सुटला, "माझ्या भाचीनं धरलं ते! माझ्या भाचीनं!" ताटलीत जीव येणार कुठनं, हे कुणी म्हटलं होतं ते मी त्याला विचारलं नाही.

मैदान मात्र गेलं. सामने शेजारच्या गावातल्या शाळेला दिले गेले. टीममधल्या मुली डबा खाताना मला जवळ बसू देईनात. नौशीनचे अब्बा नाहीच म्हणाले. आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच फेरीत हरून आलो. माझ्या खोला मात्र एकदाही शिट्टी वाजली नाही. सांगायला कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात गवाणकर मॅडम परत आल्या, त्यांच्या मुलामुलींना आणि पालिकेच्या एका जुन्या मशीनला घेऊन. गाळ पसरून वाळवला, चाळला, धुतला. जाड वाळू वेगळी निघाली, ती तपासून चांगली ठरली. सगळ्यात वाईट गाळ झाकलेल्या ट्रकातून घातक कचऱ्याच्या ठिकाणी गेला. आणि मधला जो उरला, तो बराच होता, त्यात सिमेंट आणि साखर कारखान्याची राख घालून मॅडमनी ब्लॉक पाडायला घेतले.

पहिले ब्लॉक नानकटाईसारखे भुगा झाले.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "आता काय चुकलं ते कळलं." असं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. त्या राख वाढवायच्या, कमी करायच्या, मग तयार ब्लॉक पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि ते पाणी तपासायच्या. विष ब्लॉकमध्येच अडकून बसलंय की पाण्यात उतरतंय ते बघायला. उतरेनासं झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

आम्हाला गाळाला हात लावायची बंदी होती. पण झालेले ब्लॉक भिजत ठेवावे लागतात, त्याला पाणी मारायला माणसं पाहिजे होती. मी जायचे. एकटीच. एके सकाळी पाहिलं तर नौशीन पाइप धरून उभी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय सावकाश काम चाललंय तुमचं. पटापट करा. मैदान मोकळं व्हायचंय मला."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळी टीम आणली. कॅप्टननं सांगितल्यावर कोण येत नाही? रांगा लावून ब्लॉक रचले, खो-खोत बसतो तशा बसून हातोहात पुढं दिले. आप्पामामा बघायला आला, प्रत्येक ब्लॉक अंगठ्यानं दाबून बघितला, आणि शेवटी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्या ब्लॉकांनी तळ्याचा ढासळलेला काठ बांधला. मागं धुतलेली वाळू भरली, तिथं वाळ्याचं गवत लावलं. त्यात आता पाणकोंबड्या पिल्लं काढतात. कारखान्यांच्या पाण्याचं काय करायचं यावर पालिकेत अजून भांडणं चालतात आणि मी त्या सभांना जाऊन बसते. उरलेल्या ब्लॉकांतून मैदानाच्या कडेला पायऱ्या झाल्या. डोंगर संपला तेव्हा आम्ही आठवी ओलांडली होती. तालुक्याचे सामने पुन्हा आमच्याकडं यायला हे वर्ष उजाडलं.

नौशीन आता आमच्या शाळेत नाही. नववीत मगदूम सर स्वतः तिच्या अब्बांच्या यंत्रमागापाशी जाऊन बसले, रात्री माग बंद होईपर्यंत उठले नाहीत, आणि तिची क्रीडा वसतिगृहात निवड झाली. सामन्यांना ती सुट्टी काढून आली. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो होतो. समोर आमच्या शाळेच्या सातवीतल्या पोरी, भरलेलं मैदान, आणि पांढऱ्या शर्टातले सर.

मी अर्थातच बोलत होते. अमकी चांगली पळते, तमकी वळताना अडखळते, पंच आंधळे आहेत. मध्येच मी थांबले.

"नौशीन, एक विचारू? त्या दिवशी तू मान का नाही हलवलीस? गाळामुळं ना? आप्पामामाच्या कोथिंबिरीमुळं?"

"कोथिंबीर?" ती हसली. "छ्या. मी मान हलवणारच होतो. ठरवूनच आलो होतो घरातनं. अम्मीची शपथ."

"मग?"

तिनं एका ब्लॉकचा कोपरा नखानं खरवडला. तो काही निघाला नाही.

"मग तू बोललीस. अख्ख्या चौकासमोर. तुझं तोंड बघितलो मी, पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आत्ता मी हिला खोटी पाडलो, तर ही जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही."

समोर कुणीतरी बाद झालं. मैदान ओरडलं.

"फक्त म्हणून? तुझी निवड, तुझे सामने..."

"फक्त म्हणून." तिनं मान पुढं काढून मैदानाकडं बघितलं. "पण एवढी बोलशील असं वाटलं नव्हतं मला. आता मिनिटभर गप बस. ती बारकी पोरगी खांबावर जाते का बघू दे."

मी गप्प बसले. अख्खं एक मिनिट.